चिपळूणच्या पुरांची नोंद : घराच्या भिंतीवरील तीन खुणा आणि नव्या जोत्याची उंची

माडीवरचा यांचा प्रश्न

नमस्कार. चिपळूणच्या बाजारपेठेलगत आमचे जुने, लाकडी माळ्याचे घर आहे. दिवाळीनंतर ते उतरवून त्याच जागी नवे बांधायचे ठरले आहे. माजघरात, माळ्यावर जाणाऱ्या जिन्याशेजारच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या तीन खुणा आहेत. सर्वांत वरची खूण २२ जुलै २०२१ ची असून ती मी स्वतः, चिखल उपसून झाल्यावर तिसऱ्या दिवशी केली. तिच्या खाली बरेच अंतर सोडून वडिलांनी खिळ्याने ओरखडलेली रेघ आहे आणि तिच्यापाशी ‘२६-७-०५’ असे लिहिलेले आहे. सर्वांत खालची रेघ गेरूची आहे. तिच्याजवळ तारीख नाही. आजी म्हणते की तो पूर ‘भूकंपाच्या अगोदरचा’ आहे. आमच्या घरात भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. आजी आजही सगळ्या जुन्या गोष्टी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा लावते.

माझे दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. भिंत पडली की या खुणाही जातील, म्हणून त्यांची आणि शक्य झाल्यास पेठेतील इतर घरांतील खुणांची नीट नोंद करून ठेवावी असे मनात आहे. ती कशी करावी, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल? दुसरा प्रश्न जोत्याचा आहे. रस्त्यापासून तीन फूट उचलले की पुरे, असे बांधकाम पाहणारे गृहस्थ सांगतात. २०२१ मध्ये आमच्या माजघरात सात फूट पाणी होते, त्यामुळे हा सल्ला मला पटत नाही. परंतु दहा फुटांचे जोते बांधणेही शक्य नाही. ज्यांनी हे पूर पाहिले आहेत किंवा ज्यांना यातील शास्त्र कळते, त्यांनी कृपया लिहावे.

पेठेतला यांचे उत्तर

आपल्या घरापासून फार दूर नसलेल्या आळीत माझे किराणा मालाचे दुकान आहे. २००५ आणि २०२१ हे दोन्ही पूर मी दुकानात राहून पाहिले. आपण खुणांविषयी विचारले आहे, म्हणून जी गोष्ट भिंतीवर कधीच उमटत नाही ती आधी सांगतो. ती म्हणजे वेळ. पाणी किती चढले हे प्रत्येक घर सांगते. ते किती वाजता आले, कोणत्या बाजूने आले, किती वेळ एका जागी थांबले आणि केव्हा उतरू लागले, हे मात्र कोणीच लिहून ठेवलेले नाही.

२०२१ मध्ये आषाढी एकादशी २० जुलैला होती आणि दुसऱ्या दिवशी बकरी ईद. त्या रात्री पाऊस असा लागला होता की पत्र्याच्या आवाजात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. मध्यरात्रीनंतर दुकानात पहिल्यांदा जे पाणी शिरले, ते दारातून आले नाही. ते मागच्या गटारातून उलटे वर आले आणि त्याला फारसा वेगही नव्हता. हे शिव नदीच्या बाजूने तुंबलेले पाणी असणार, कारण शिव नदी गावातून जाऊन वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी फुगली की तिला वाटच राहत नाही. तेव्हा मी आणि माझा भाऊ खालच्या खणातील पोती वरच्या खणात चढवत होतो, कारण २००५ चा अंदाज धरला तर तेवढे पुरेसे ठरले असते. पहाटेच्या सुमारास पाण्याचा रंग बदलला. ते लाल, जाड आणि वेगाचे झाले व रस्त्याच्या बाजूने दाराला धडका देऊ लागले. ते वाशिष्ठीचे पाणी. त्यानंतर पोत्यांचा विचार सोडून आम्ही माळा गाठला. सकाळी उजाडले तेव्हा २००५ ची खूण पाण्याखाली गेलेली होती आणि पाणी अजून चढत होते.

गावाच्या सखल भागांत त्या दिवशी दहा ते पंधरा फूट पाणी होते असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खोटे नाही. एसटीच्या आगारात बस बुडाल्या होत्या आणि आगारप्रमुख कार्यालयातील रोकड जवळ धरून एका बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते, ही गोष्ट त्या वेळी वर्तमानपत्रांतून सगळ्या महाराष्ट्राने वाचली. बसची उंची ठाऊक असल्यामुळे आगारातील पाण्याची ती एक बऱ्यापैकी विश्वासार्ह मोजपट्टीच झाली.

माझी कळकळीची विनंती आहे की आपण पेठेत नोंदी घेत फिरणार असाल, तर प्रत्येक घरी उंचीबरोबर ‘पहिले पाणी कोठून आले आणि त्याचा रंग कसा होता’ हे अवश्य विचारा. लोकांना घड्याळातील वेळ आठवत नसली तरी ‘दूधवाला यायच्या आधी’, ‘अजान झाल्यावर’, ‘वीज गेल्यावर’ असे ते नेमके सांगतात.

निवृत्त_जलसंपदा यांचे उत्तर

वरील उत्तर वाचून समाधान वाटले, कारण नोकरीची तीस वर्षे मी ज्या आकड्यांसाठी झटलो, त्यातील सर्वांत महत्त्वाच्या उणिवेवर या गृहस्थांनी अनुभवाने बोट ठेवले आहे. चिपळूणमध्ये पुराच्या वेळेला इतके महत्त्व का आहे, हे थोडे विस्ताराने सांगतो.

वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावून जेमतेम सत्तर किलोमीटरच्या प्रवासात दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. घाटाच्या पायथ्याशी तिचा उतार तीव्र आहे आणि चिपळूणशी येताच तो जवळजवळ संपतो. भरतीचे पाणी खाडीतून गोवळकोटच्या बाजूपर्यंत चढते. एके काळी गोवळकोटच्या धक्क्याला गलबते लागत आणि तेथून माल कुंभार्ली घाटाने देशावर जात असे, ते याच भरतीच्या जोरावर. म्हणजे ज्या भूगोलामुळे हे गाव व्यापाराचे ठाणे झाले, त्याच भूगोलामुळे वरून धावत आलेले पाणी येथे थबकते. खाली भरती असेल तर ते आणखी थबकते. म्हणून पुराचा दिवस कळला की प्रथम तिथी पाहावी. २२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, म्हणजे पौर्णिमेच्या उधाणाकडे चाललेली भरती. २६ जुलै २००५ ला पौर्णिमा होऊन पाच दिवस लोटले होते, म्हणजे उधाण ओसरत होते. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, परंतु पाणी कोणत्या तासाला थांबले आणि कोणत्या तासाला उतरले हे कळले, तर भरतीच्या कोष्टकाशी ते ताडून पाहता येते. या कामी केवळ उंचीची रेघ उपयोगी पडत नाही.

आता कोयनेविषयी. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी निसर्गतः पूर्वेकडे बंगालच्या उपसागराकडे जाणारे आहे. १९६२ पासून ते बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात उतरवले जाऊ लागले आणि वीज तयार झाल्यावर कोळकेवाडीमार्गे ते वाशिष्ठीत येते. पश्चिमेकडे वळवण्यासाठी कृष्णा पाणी तंटा लवादाने घातलेली वार्षिक मर्यादा ६७.५ अब्ज घनफुटांची आहे. हे पाणी वर्षभर समान वाटले असे धरले, तर सेकंदाला सरासरी सुमारे २,१४० घनफूट होतात. त्याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा : घाटाखालच्या केवळ १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर बारा तासांत ३०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर त्याचाच प्रवाह सेकंदाला सुमारे २४,५०० घनफूट होतो. म्हणून ‘सगळा पूर कोयनेने आणला’ हे विधान मला मान्य नाही. मात्र ‘कोयनेचा काहीच संबंध नाही’ हेही मला मान्य नाही, कारण वीजनिर्मिती समान गतीने चालत नाही. काही तासांत ती सरासरीच्या कितीतरी पट असते, आणि कोळकेवाडीचा जलाशय कोयनेच्या मानाने लहान असल्यामुळे तेथे पाणी फार काळ धरून ठेवता येत नाही. भरलेल्या नदीत ऐन भरतीच्या तासाला थोडी भर पडली, तरी तिचा परिणाम त्या भरीच्या आकाराहून मोठा होऊ शकतो. हा वाद २०२१ पासून गावात तीव्रतेने चालू आहे. वीजगृहाकडे पाणी सोडल्याच्या तासावार नोंदी असतात, गावाकडे मात्र पाणी चढल्याच्या तासावार नोंदी नाहीत, आणि ताडून पाहायला दोन्ही लागतात. आपण घरोघरचे तास गोळा केलेत, तर या वादाला प्रथमच गावाच्या बाजूचा कागद मिळेल.

आपल्या गेरूच्या रेघेचे महत्त्वही यातच आहे. ती १९६२ च्या आधीची ठरली, तर कोयनेचे पाणी नदीत नसताना पेठेत किती पूर येत असे याची ती साक्ष होईल. १९६२ ते १९६७ मधली ठरली, तर तिचा अर्थ वेगळा होईल. आजींना भूकंपाऐवजी दुसऱ्या खुंटीला धरून विचारा : तेव्हा नदीला उन्हाळ्यात पाणी असे का? पोफळीचे पाणी येऊ लागल्यापासून वाशिष्ठी मार्च-एप्रिलमध्येही वाहती राहू लागली, आणि नदीवर धुण्याला जाणाऱ्या पिढीच्या बायका हा बदल विसरत नाहीत.

खुणा मोजताना एक चूक टाळावी. रस्त्यापासून उंची मोजू नये. प्रत्येक डांबरीकरणात आणि काँक्रिटीकरणात रस्ते वर आले आहेत, त्यामुळे ‘रस्त्यावर छातीइतके पाणी’ हे २००५ चे वाक्य आणि २०२१ चे तेच वाक्य यांत फरक आहे. जमीन मोजणारा माणूस अर्ध्या दिवसासाठी बोलवा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेल्या एखाद्या स्थिर ठिकाणापासून तीनही रेघांची पातळी काढून घ्या. पावसाचे आकडे मिळवताना हेही लक्षात असू द्या की हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ असा असतो आणि आकडा संपणाऱ्या तारखेवर मांडला जातो; २२ तारखेला दिवसभर पडलेला पाऊस २३ तारखेच्या रकान्यात सापडेल. जुनी कात्रणे वाचताना या एका दिवसाच्या फरकाने पुष्कळ गोंधळ होतो.

जोत्याविषयी. आपल्या घराची जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या संदर्भात कोठे येते, हे नगर परिषदेत आधी पाहा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी फसगत होते, म्हणून हिशेब देतो. घर ५० वर्षे उभे राहणार असे धरले, तर त्या काळात २५ वर्षांचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता १०० पैकी सुमारे ८७ आहे, आणि १०० वर्षांचा पूर येण्याची सुमारे ४०. म्हणजे सात फूट पाणी पुन्हा कधी पाहावे लागणार नाही असे समजून घर बांधणे धोक्याचे आहे. दहा फुटांचे जोते नको, हे आपले म्हणणे बरोबर आहे. खांबांवर घर घेऊन तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवावा, राहण्याचा पहिला मजला २०२१ च्या खुणेच्या वर घ्यावा, विजेचा मीटर आणि मुख्य कळपेटी तेथेच न्यावी आणि माळ्याचा जिना घराच्या आत असावा. आपल्या जुन्या घरातील लाकडी माळ्याने हेच काम केले होते.

दसपटीची_लेक यांचे उत्तर

मी दसपटीतील आहे, म्हणजे आपल्या गावात जे पाणी येते ते ज्या डोंगरांवरून उतरते, त्या बाजूची. येथे सर्वांनी अभ्यासाने लिहिले आहे, तरी चिपळूणच्या आपत्तींचा इतिहास लिहायचा तर तो पेठेच्या भिंतींपाशी संपू नये, असे मला मनापासून वाटते.

२ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे गेली. तेथे भिंतीवर खूण करायला भिंतच उरली नाही. ज्या वाड्यांत पूर पाहायला कोणी जिवंत राहत नाही, तेथील पाण्याची उंची कोणत्या वहीत लिहिणार? २०२१ मध्येही ज्या दिवशी पेठ बुडाली, त्याच पावसाने शेजारच्या खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून माणसे गाडली गेली आणि परशुराम घाटाच्या बाजूलाही डोंगर खाली आला. गावातील बातम्यांत पुराचे पान मोठे झाले आणि दरडींचे लहान. पुढच्या पावसाळ्यात आमच्या वाड्यांतील माणसे रात्री पावसाचा आवाज वाढला की उठून डोंगराकडे कान देत बसत, आणि अजूनही बसतात.

आणखी एक गोष्ट. नदीत गाळ साचला, बेटे तयार झाली, म्हणून पूर वाढला, हे खरे आहे. २०२१ च्या डिसेंबरात गावकऱ्यांनी साखळी उपोषण केले तेव्हा गाळ काढण्याचे काम मार्गी लागले, आणि त्याचे श्रेय त्यांना आहेच. पण तो गाळ आमच्या डोंगरांची माती आहे. माझ्या लहानपणी घराच्या वरच्या अंगाला जे रान होते त्यातले पुष्कळसे लाकडासाठी तोडले गेले आणि त्यानंतर आमच्या पऱ्याचे, म्हणजे डोंगरातील ओढ्याचे, पाणी पहिल्या पावसापासूनच लाल येऊ लागले. पेठेतल्या भाऊंनी पहाटे जे लाल पाणी पाहिले ते तेथून निघालेले होते. तेव्हा ‘पाण्याचा रंग कसा होता’ हा प्रश्न घेऊन कृपया वरच्या गावांतही या. आमच्याकडे कोणता पऱ्या किती वाजता फुगला, साकव केव्हा गेला, हे सांगणारी माणसे आहेत. पऱ्या फुगल्यापासून पेठेत पाणी चढेपर्यंत किती तास गेले हे एकदा कळले, तर पुढच्या वेळी आमच्याकडून आलेला एक फोन आपल्याला पोती उचलायला आणि म्हातारी माणसे माळ्यावर न्यायला वेळ देईल.

खाडीपलीकडचा यांचे उत्तर

नोंदीत वादळेही घ्यावीत का, असा प्रश्न पुढे येईल, म्हणून थोडक्यात लिहितो. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान, ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते ही अलीकडची तीन नावे. निसर्गने दापोली-मंडणगडच्या माड-पोफळींचे जे केले ते मी पाहिले आहे. चिपळूण समुद्रापासून आत असल्यामुळे तेथे वाऱ्याचा मार तुलनेने कमी बसतो, म्हणून त्यांना वेगळे आणि लहान प्रकरण पुरेसे होईल.

जुन्या मजकुरासाठी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जरूर जावे. १८६४ पासूनची ही संस्था आहे. २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांत तिने आपली पुस्तके चिखलात गेलेली पाहिली, तरी ती पुन्हा उभी राहिली. रत्नागिरी जिल्ह्याचे १८८० चे गॅझेटियरही तेथे विचारावे. नदी, खाडी आणि घाटाचे त्या काळचे वर्णन त्यात आहे. एक विनंती आहे : आपली नोंदवही तयार झाली की तिची एक प्रत पूररेषेच्या वर असलेल्या एखाद्या ठिकाणीही ठेवा.

माडीवरचा यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काका, आपला प्रश्न मी काल रात्री आजीला विचारला. ती लगेच म्हणाली की त्या पुराच्या वर्षी उन्हाळ्यात नदीच्या पात्रात झरे खणून पाणी भरावे लागे, आणि तिचे लग्न होऊन ती या घरात आली त्याला तेव्हा दोनच पावसाळे झाले होते. तिचे लग्न १९५६ च्या मे महिन्यातले आहे. म्हणजे गेरूची रेघ कोयनेचे पाणी येण्याच्या आधीची ठरते. तिने आणखी एक तपशील दिला, जो आजवर कोणी विचारलाच नव्हता : पाणी दुपारी जेवणे झाल्यावर मागच्या परसातून आले, गढूळ होते पण लाल नव्हते, आणि दिवेलागणीला उतरले. रेघ आजोबांनी दुसऱ्या दिवशी ओढली.

मोजणी करणारे गृहस्थ येत्या रविवारी येत आहेत. पेठेतल्या दादांकडे त्याच दिवशी सकाळी यावे असा विचार आहे. त्यांच्या आळीतील घरे त्यांच्यासोबत फिरून पाहता येतील. दसपटीच्या ताई, पऱ्यांच्या वेळा सांगणाऱ्या मंडळींना भेटायला मी नवरात्रात येतो, तोवर रस्ताही सुकलेला असेल. घराचा नकाशा बदलायला सांगितला आहे. भिंत उतरवताना गेरूच्या रेघेचा चिऱ्याचा तेवढा तुकडा सोडवून ठेवावा, असे गवंड्याला आजच सांगितले; तो म्हणाला की चुना जुना असल्यामुळे चिरा अखंड निघेल.